सोप्याचे तीन खण कागदावर : सोलापुरातील एका नकाशा कार्यालयाविषयी

जुन्या घराची वाटणी करायची म्हटले की आधी ते घर कागदावर यावे लागते, आणि ते नीट आले नाही तर भावाभावांत जे बोलणे होऊ नये ते होते. आमचे घर सोलापूरच्या जुन्या पेठेतले, रुंदीला 36 फूट आणि खोलीला 58 फूट, पांढऱ्या मातीच्या अडीच फुटी भिंतींचे आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, असलेले आहे. या एकाच घराच्या तळमजल्याचा नकाशा गेल्या वर्षभरात मी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून काढून घेतला. पहिल्या कार्यालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. दुसऱ्याचे नाव देण्याची सोयच नाही, कारण त्याच्या पाटीवर ‘नकाशे, मोजमाप, लाइन आउट’ यापलीकडे काही लिहिलेले नाही आणि ते चालवणाऱ्या गृहस्थांनी आपले नाव छापू नये असे सांगितले आहे. ते आणि त्यांचे दोन मदतनीस यांना हाती असलेलेच काम पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे. नव्या पेठेच्या आसपास काम करणाऱ्या कोणत्याही जुन्या गवंड्याला विचारले तर तो तुम्हाला त्यांचा जिना दाखवील. हा अभिप्राय त्या दुसऱ्या कार्यालयाविषयी आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवत असे, त्यामुळे रेषेची जाडी आणि गुण्याचा काटकोन यांकडे माझे लक्ष सवयीनेच जाते. वाचकांनी माझ्या तक्रारींमधला काही भाग त्या सवयीच्या खाती घालावा.

आमच्याकडे 1963 सालचे एक वाटणीपत्र आहे. त्यात चौरस फुटांचा उल्लेख कोठेही नाही. ‘चौकाच्या उत्तरेकडील सोप्याचे पश्चिमेचे दोन खण, त्यामागील माजघराचा निम्मा भाग, परसातील आडाचे पाणी सामाईक’ अशी त्याची भाषा आहे. सोपा म्हणजे चौकाकडे उघडा असलेला भाग आणि खण म्हणजे त्यातली दोन तुळयांमधली जागा. आता आमचा थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, मी आणि पुण्यातला चुलतभाऊ अशा तिघांना नवा दस्त करायचा होता आणि त्याला जोडण्यासाठी नकाशा हवा होता. पहिल्या कार्यालयातून एक तरुण लेझर मीटर घेऊन आला, प्रत्येक खोलीत लांबी आणि रुंदी अशी दोनच मापे घेऊन तासाभरात गेला आणि चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. सोप्याला ‘व्हरांडा’, माजघराला ‘हॉल’, धान्याच्या बळदाला ‘स्टोअर’ आणि प्रवेशदारालगतच्या देवडीला ‘पॅसेज’ अशी नावे पडलेली होती, सगळ्या खोल्या काटकोनात होत्या आणि सगळ्या भिंती नऊ इंचांच्या होत्या. कोपऱ्यात ‘प्रमाण 1:100’ असे लिहिले होते. मी तो कागद छापून घेऊन मोजपट्टी लावली. 36 फूट म्हणजे जवळपास 11 मीटर, म्हणून दर्शनी बाजू कागदावर 11 सेंटीमीटर भरायला हवी होती, ती 10.3 भरली. छापताना यंत्राने नकाशा कागदात बसवण्यासाठी आकसून घेतला होता आणि लिहिलेले प्रमाण मात्र तसेच राहिले होते. शिवाय अण्णांनी नकाशा पाहताच विचारले, ‘चौकावर फुली का मारली आहे, चौक रद्द झाला का?’ फुलीचा अर्थ वर आकाश मोकळे आहे एवढाच असतो, पण तो सांगायला त्या कागदावर एक ओळही नव्हती.

दुसऱ्या कार्यालयाची पायरी मी चढलो ती या पार्श्वभूमीवर. तेथील गृहस्थांनी पहिला नकाशा टेबलावर पसरला, त्यावर काही टीका केली नाही आणि एकच प्रश्न विचारला, ‘मालक, वाटणीपत्र आणलंय का?’ नकाशा काढण्यापूर्वी दस्त वाचायला मागणारा माणूस मला प्रथमच भेटला. दस्त वाचून झाल्यावर त्यांनी वहीत केवळ शब्द उतरवून घेतले : सोपा, खण, माजघर, बळद, देवडी, परसू, आड. ‘हे शब्द नकाशात आले पाहिजेत, नाहीतर उद्या कुणाला जुळवता येणार नाही,’ असे त्यांचे म्हणणे होते, आणि माझ्या मते या कार्यालयाची खरी गुणवत्ता त्या एका वाक्यात आहे.

मोजमापासाठी ते सकाळी सात वाजता आले, कारण वैशाखात सोलापुरात दहानंतर चौकात उभे राहणे कठीण होते. त्यांची पद्धत जवळून पाहण्यासारखी होती. खोलीच्या चार बाजू मोजल्या तरी खोलीचा आकार ठरत नाही. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडलेली चौकट जशी दाबली की कलते, तशी तीच चार मापे असलेली खोली कितीही तिरकी असू शकते. म्हणून त्यांनी प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घेतले. आमच्या माजघराच्या समोरासमोरच्या लांब भिंती 15 फूट 4 इंच आणि 14 फूट 11 इंच निघाल्या, आणि कर्ण निघाले 18 फूट 3 इंच आणि 17 फूट 8 इंच. कर्णांतल्या त्या सात इंचांमुळे कळले की ज्या खोलीत आम्ही जन्मभर काटकोनी समजून सतरंज्या अंथरल्या, ती खोली एका बाजूला दोन अंशांनी कललेली आहे. सतरंजीचे एक टोक भिंतीला नेहमी का दुमडावे लागे, याचाही उलगडा झाला.

दुसरी गोष्ट सलग मापाची. सोप्याच्या भिंतीत दोन दारे, एक खिडकी आणि तीन दिवळ्या, म्हणजे दिवा ठेवायचे कोनाडे, आहेत. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून बेरीज केली तर प्रत्येक मापातली पाव-अर्धा इंचाची चूक साठत जाते. म्हणून फितीचे शून्य एका कोपऱ्यात धरून मदतनीस तेथेच बसला आणि हे गृहस्थ पुढे पुढे जात प्रत्येक कडेचा आकडा वाचत गेले. लेझर मीटर त्यांच्याकडेही होते, पण मातीच्या भिंतीला पोट सुटलेले असते आणि किरण नेमका त्या पोटावर पडतो, असे म्हणून त्यांनी ते फक्त छताची उंची घेण्यासाठी वापरले. भिंतींची जाडी त्यांनी दारांच्या चौकटींपाशी प्रत्यक्ष मोजली. तेवढ्याने हिशेब किती बदलतो पाहा : 36 गुणिले 58 म्हणजे 2,088 चौरस फूट, आणि चारही बाजूंनी अडीच फूट वजा केले की उरतात 31 गुणिले 53, म्हणजे 1,643. सुमारे 445 चौरस फूट जागा नुसत्या बाहेरच्या भिंतींनी व्यापलेली आहे. पहिल्या नकाशात भिंती नऊ इंचांच्या दाखवल्यामुळे ही जागा खोल्यांमध्ये वाटली गेली होती आणि आम्ही नसलेल्या जमिनीवरून वाद घालत होतो.

याच ओघात ‘कार्पेट’ या शब्दाविषयीही त्यांनी स्पष्ट सांगितले. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यातली चटई (कार्पेट) क्षेत्राची व्याख्या बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळते, मात्र घराच्या आतल्या विभाजक भिंती धरते. ती प्रवर्तकाकडून, म्हणजे बिल्डरकडून, सदनिका घेणाऱ्याच्या उपयोगाची आहे. भावंडांच्या वाटणीत सामाईक भिंत कोणाची आणि तिच्या मध्यरेषेवर हद्द धरायची की कडेवर, हे दस्तात लिहावे लागते आणि नकाशात दाखवावे लागते. त्यांनी सामाईक भिंतीत मध्यरेषा ओढून दिली. ही रेषा काढणारे नकाशाकार मला याआधी भेटलेले नाहीत.

आता प्रत्यक्ष नकाशाकडे येतो. तळमजल्याचा नकाशा म्हणजे घरावरून खाली पाहिलेले चित्र अशी सर्वसाधारण समजूत असते, परंतु तसे पाहिले तर फक्त माळवद दिसेल. जमिनीपासून साधारण चार फुटांवर, म्हणजे 1.2 मीटरवर, घर आडवे कापले आहे आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवून आपण खाली पाहतो आहोत, अशी त्यामागची कल्पना असते. जे कापले गेले ते जाड रेषेने, जे कापाच्या खाली दिसते ते बारीक रेषेने आणि जे कापाच्या वर आहे ते तुटक रेषेने दाखवायचे. आधुनिक घरांत चार फुटांवर दारे, खिडक्या सारे काही कापले जाते, त्यामुळे फारसा विचार करावा लागत नाही. माळवदाच्या घरात मात्र मागच्या भिंतीतल्या छोट्या खिडक्या साडेपाच फुटांवर सुरू होतात आणि दिवळ्या तीन फुटांवर असतात. पहिल्या नकाशात त्या खिडक्या साहजिकच नाहीशा होऊन माजघराची मागची भिंत आंधळी झाली होती, आणि उद्या शेजाऱ्याने भिंतीला लागून बांधकाम काढले असते तर आमची खिडकी होती हे दाखवायला आमच्याकडे काही राहिले नसते. या नकाशात त्या तुटक रेषेने आल्या आहेत आणि शेजारी ‘वरची खिडकी, तळ 5 फूट 6 इंच’ असे लिहिले आहे. सोप्याच्या खांबांकडे मी भिंग लावून पाहिले. सहा इंची चौरस लाकडी खांब जाड रेषेने भरीव काढलेला आहे आणि त्याच्या भोवती एक फुटाचा दगडी तळखडा बारीक रेषेने दाखवलेला आहे. खांब कापला गेला आहे आणि तळखडा खाली दिसतो आहे, हे दोन रेषांच्या जाडीतून कळते. वर्गात मी मुलांना हेच शिकवण्यासाठी घसा कोरडा करत असे.

भिंतीतल्या जिन्याचेही तसेच. कापापर्यंतच्या पायऱ्या सलग रेषेत, तेथे एक तिरकी मोडरेषा, पुढच्या पायऱ्या तुटक, आणि बाण खालच्या पायरीपासून वर जाणारा.

परंतु मी ज्यासाठी पैसे दिले आणि पुन्हाही देईन, ती गोष्ट तुळयांची आहे. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. दस्तात ‘दोन खण’ असे लिहिले असेल आणि नकाशात तुळयाच नसतील, तर तो दस्त आणि तो नकाशा एकमेकांशी बोलू शकत नाहीत. पहिल्या कार्यालयाने ‘व्हरांड्या’ची 19 फूट 1 इंच लांबी घेऊन तिचे तीन समान भाग केले होते, त्यामुळे पश्चिमेचे दोन भाग 12 फूट 8 इंचांहून थोडे अधिक येत होते. या गृहस्थांनी शिडी लावून तुळयांचे मध्य ओळंब्याने खाली उतरवले आणि फरशीवर खडूने खुणा केल्या. खण निघाले पश्चिमेकडून 6 फूट 2 इंच, 5 फूट 10 इंच आणि 7 फूट 1 इंच. म्हणजे पश्चिमेचे दोन खण बरोबर 12 फूट. जवळपास पावणेनऊ इंचांचा हा फरक चुलतभावाच्या बाजूने जात होता की आमच्या, यावर दोन बैठका झाल्या होत्या. खडूच्या खुणा पाहिल्यावर तिसऱ्या बैठकीत अण्णा आणि तो दोघेही गप्प झाले. वहिनींनी त्या खुणा आठ दिवस पुसू दिल्या नाहीत. अंतिम नकाशात दोन्ही तुळया तुटक रेषांनी आल्या आहेत आणि प्रत्येक खणावर त्याचे माप आहे.

शब्दांच्या बाबतीत मी थोडा जास्त आग्रही आहे हे मान्य करतो. आपल्या जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या संगमावरच्या मंदिरांविषयी लिहिताना कोणीही गाभाऱ्यापुढच्या अंतराळाला ‘पॅसेज’ किंवा सभामंडपाला ‘हॉल’ म्हणत नाही. अभ्यासक तेथे तलविन्यास, मुखमंडप, गर्भगृह हे शब्द काटेकोरपणे वापरतात, कारण त्या नावांतच जागेचा क्रम आणि उपयोग असतो. राहत्या घराच्या नावांना तेवढा मान का मिळू नये, हे मला समजत नाही. सोपा हा व्हरांडा नव्हे. तो घराच्या आतल्या चौकाकडे उघडा असतो आणि व्हरांडा बाहेरच्या अंगाकडे. बळद हे धान्यासाठी बांधलेले असते, त्याला खिडकी नसते, आणि ‘स्टोअर’ लिहिले की पाहणारा तेथे दार-खिडकी गृहीत धरतो. या नकाशात सगळी जुनी नावे मराठीत आहेत आणि बाजूला एक लहानसा खुणांचा तक्ता आहे, ज्यात चौकावरच्या फुलीचा अर्थही लिहिलेला आहे. अण्णांनी सर्वप्रथम तोच वाचला.

रंगांच्या बाबतीतही त्यांचा अनुभव उपयोगी पडला. तिघांचे हिस्से वेगवेगळ्या रंगांत दाखवायचे ठरले तेव्हा मी माझ्यासाठी पिवळा सुचवला. ‘मालक, पिवळा नको. मंजुरीच्या नकाशात पिवळा म्हणजे पाडायचं बांधकाम आणि तांबडा म्हणजे नवीन बांधायचं,’ असे त्यांनी लगेच सांगितले. दस्ताच्या नकाशाला तो संकेत लागू नसला, तरी हाच कागद उद्या महापालिकेच्या टेबलावर जाऊ शकतो, म्हणून हिस्से निळ्या, हिरव्या आणि राखाडी छटांत दाखवले गेले.

कागद ए-3 आकाराचा आणि प्रमाण 1:50 आहे. या प्रमाणात घर 22 सेंटीमीटर रुंद आणि साधारण 35 सेंटीमीटर लांब येते, म्हणजे समास सोडूनही व्यवस्थित बसते. खालच्या बाजूला फुटांची एक आखीव पट्टी काढलेली आहे. कागद आकसला, मोठा छापला किंवा मोबाइलवर पाहिला, तरी पट्टीही त्याच प्रमाणात लहानमोठी होते, त्यामुळे माप चुकत नाही. इतकी साधी सोय पहिल्या कार्यालयाने का केली नसावी, कोण जाणे.

आता तक्रारी. पहिली वेळेची : आठ दिवस सांगून बावीस दिवस लावले, आणि मधल्या काळात फोन उचलण्याचे काम मदतनिसाकडे होते, ज्याला काहीच ठाऊक नसे. दुसरी अक्षरांची : पहिल्या मसुद्यात वेलांट्या विस्कटल्या होत्या, ज्या अक्षरावर वेलांटी हवी त्याच्या पुढच्या अक्षरावर ती जाऊन बसली होती, आणि ‘जिना’ हा शब्द ओळखू येत नव्हता. ऑटोकॅडचे जुने फॉन्ट देवनागरीसाठी बनलेलेच नाहीत आणि जुन्या आवृत्तीत युनिकोड फॉन्ट घातला तरी अक्षरे नीट जुळत नाहीत, असे कारण त्यांनी दिले. शेवटी नावे वेगळ्या प्रोग्रॅममध्ये टाइप करून नकाशावर बसवली. जे कार्यालय मराठी नावांचा आग्रह धरते, त्याने ही तयारी आधीच ठेवायला हवी होती. तिसरी तुटक रेषांची : माजघराच्या जमिनीखाली एक बुजवलेले पेव, म्हणजे धान्य साठवण्याचा खड्डा, आहे आणि चौकाखाली हौद आहे, कारण काही दिवसांआड येणारे पाणी साठवल्याशिवाय सोलापुरात घर चालत नाही. ही दोन्ही जमिनीखालची आणि तुळया डोक्यावरच्या, पण मसुद्यात सर्वांसाठी एकच तुटक रेषा वापरली होती. पाहणाऱ्याला हौद छताला टांगलेला वाटावा अशी स्थिती. मी दाखवून दिल्यावर जमिनीखालच्यासाठी ठिपक्यांची रेषा घेतली आणि तक्त्यातही तिची नोंद केली.

सर्वांत गंभीर चूक दिशेची होती. उत्तरेचा बाण त्यांनी मोबाइलच्या होकायंत्रावरून घेतला, आणि तोही दारासमोरच्या दुकानाच्या लोखंडी शटरला जवळजवळ टेकून उभे राहून. भूमी अभिलेखाच्या मोजणी नकाशाशी ताडून पाहिले तेव्हा बाण सुमारे 20 अंश फिरलेला निघाला. चतुःसीमा लिहिताना ‘पश्चिमेस अमुक, दक्षिणेस रस्ता’ अशीच भाषा असते, तेव्हा इतका निष्काळजीपणा या कामात चालत नाही. चूक लक्षात येताच त्यांनी ती कबूल केली, मोजणी नकाशाच्या आधारे बाण सुधारला आणि त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

दर चौरस फुटाला पाच रुपये, मोजणी भिंतींच्या बाहेरून, म्हणजे आमच्या घराचे 10,440 रुपये झाले. पहिल्या कार्यालयाने याच्या निम्म्याहून कमी घेतले होते. छापील प्रती तीन मिळतात. ऑटोकॅडची मूळ फाइल मात्र मागून घ्यावी लागते आणि तिचे हजार रुपये वेगळे. ही फाइल दराच्या आतच मिळायला हवी, असे मी त्यांना सांगितले आणि ते हसले.

नव्या घराच्या परवानगीसाठी कोणी येथे जाणार असेल, तर मंजुरीचा नकाशा हे निराळे काम आहे हे लक्षात ठेवावे. त्यात सामासिक अंतरे (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय) आणि 2020 ची एकत्रित नियमावली येते, त्यावर वास्तुविशारदाची किंवा परवानाधारक अभियंत्याची सही लागते, आणि त्या कामाचा मला येथे अनुभव नाही. जुने घर, वाडा, माळवद किंवा मागाचा कारखाना असलेले दुमजली घर जसे आहे तसे कागदावर आणायचे असेल, तर मात्र मी यांच्याकडेच पाठवीन. सोबत जुने दस्त न्यावेत, मोजणी नकाशाची प्रत न्यावी आणि उत्तर कोणती हे आधी स्वतः सांगावे.

आमच्या दस्तासोबत नकाशाची एक प्रत जोडली आहे, दुसरी चुलतभावाकडे पुण्याला गेली आणि तिसरी 1963 च्या वाटणीपत्राच्या घडीत ठेवून ट्रंकेत टाकली आहे. त्या प्रतीवर बळदाचे माप अजून लिहायचे राहिले आहे. आत उतरून मोजायला मदतनीस पुढच्या आठवड्यात येणार आहे, असे गेले तीन आठवडे कळवण्यात येत आहे.